रंभी काय म्हणते?

मद्रास, मोठा दवाखाना
१४ जानेवारी १९५७

रंभीच्या मायले उमाजीचा रामराम.

बल्लारशाले गाडीत बसलो ते इथी मद्रासले येऊनच उतरलो. रंभीनं सगळ्या डब्याले बेजार केलं. डोकं दुखे, ओकारी होये, अन् ओकारी झाली का तोंड पुसून पुन्हा बोलणं सुरू. एक शेटजी म्हणे, "या पोट्टीच्या तोंडाले कुलूप नाई काय?" तर म्हणते कशी, "कुलूप आहे, चावी मोहटोल्याले राह्यली." सगळा डबा हसला. मी बी हसलो.

चांद्याच्या डाक्टरनं देलेली चिठ्ठी इथल्या मोठ्या डाक्टरले दाखवली. त्यानं रंभीले सरळ रेघेवर चालवलं. तिचं तू पाहिलंच आहे, धानाच्या बांधीच्या चिखलात चालल्यावानी तोल जाते. डोळ्यात बत्ती टाकून पाहिलं. मग म्हणे डोक्यात मागच्या अंगानं, मानेच्या वर, गाठ आहे. आपण समजत होतो तसं बाहेरचं काई नाई, कोणाची करणी नाई. गाठ आहे. काढली नाई तर पहिले डोळे जातील अन् मग पोरगी. काढताना बी भरवसा नाई म्हणे. मी म्हटलं काढा. तुले विचाराले पाहिजे होतं, पण विचारू कसं?

इथी मराठी कोणाले समजत नाई. सिरोंच्याच्या बाजारात सुकी मासळी विकता विकता जेवढी तेलुगू शिकलो तेवढीच कामी येऊन राह्यली. वार्डात एक तेलुगू सिस्टरबाई आहे. मी तिले सांगतो, ती डाक्टरले सांगते. मधात काय गळते अन् काय वाढते, देव जाणे.

अठ्ठावीस तारखेले डोकं उघडणार आहेत. आजीले सांगजो. मंगरूले पाहजो.

उमाजी


मोहटोला
२२ जानेवारी

रंभीच्या बाबाले कुंता पाया पडते.

पत्र बाजाराच्या दिवशी आलं. अंगणात बसून मोठ्यानं वाचलं. आजी होती, झिंगूभाऊ होता, अर्धा टोला होता. माह्या बापानं वरोऱ्याच्या जिनात हमाली करून मले चार यत्ता शिकवलं, तवा लोक हसत होते का पोरीले काय कलेक्टर करतं म्हणून. आता सगळ्यायले माहंच तोंड लागते. चावी मोहटोल्याले राह्यली हे ऐकून आजी हसली अन् हसता हसता रडाले लागली.

काढा म्हटलं ते बरं केलं. मी तिथी असती तर माह्या तोंडून निघालं नसतं, अन् निघालं नसतं म्हणून पोरगी गेली असती. मले येता येत असतं तर पायी आली असती. पण मंगरू अजून अंगावर पिते, अन् आजीले आता ताटातला भात बी दिसत नाई.

मी बोडीच्या पाण्याजवळ, पाळीवर गेली होती. बोडीमायले सांगितलं, माही रंभी बोलत-चालत होऊ दे, काळा बोकड देते. गोल गोल नाई बोलली. बोलत-चालत, असंच म्हटलं.

तिचे केस काढतील ना? पहिले सांगून ठेवजा. न सांगता काढले तर दवाखाना डोक्यावर घेईल. अन् मले एक एक गोष्ट लिहा. तुमाले बोलाचा आळस, लिहाचा त्याहून जास्त. रंभी काय म्हणते ते तरी लिहा.

कुंता


मद्रास
२९ जानेवारी

रंभीच्या मायले रामराम.

पोरगी आहे. सगळ्यात पहिले तेच लिहितो.

काल सकाळी नेलं, अंधार पडता पडता आणलं. डोक्याले मोठं फडकं बांधलं आहे. आज सकाळी डोळे उघडले. मले पाहून म्हणे, "बाबा, यायनं मले झोपवून काय काय केलं?" पाणी मागितलं. मग तुले हाक मारली, नेहमीसारखी नावानंच. आजी तुले जशी बोलावते तशी. मी म्हटलं, ते मोहटोल्याले आहे. तर म्हणे, "मग जोरानं मारते हाक." सिस्टरबाईनं तिच्या तोंडावर बोट ठेवलं.

सगळे म्हणून राह्यले, नशीबवान आहा. मी दवाखान्याच्या मागं जाऊन रडून आलो. हे मोठ्यानं वाचू नको.

उमाजी


मोहटोला
१५ फेब्रुवारी

रंभीच्या बाबाले पाया पडणे.

डाकवाल्याची वाट पाहून पाहून डोळे गेले. तुमचं ते पत्र मी इतक्यांदा वाचलं का मंगरूले बी पाठ झालं असेल. त्याच्यानंतर काऊन काई नाई? पोरगी बोलाले लागली मग आता लिहाले काय धाड भरली? तिचं बोलणं लिहाचं म्हटलं तर एका दिवसाले एक दस्ता कागद पाहिजे, अन् तुमी एक कार्ड टाकत नाई.

लोकं रोज येऊन विचारून राह्यले. रंभी काय म्हणते? मी काय सांगू? काल मी आपल्या मनानंच सांगितलं, म्हणते मद्रासचा भात जाडा आहे. लोकं खूश होऊन गेले.

लिहा हो. पाया पडते.

कुंता


मद्रास
२२ फेब्रुवारी

रंभीच्या मायले रामराम.

पत्राले उशीर झाला. राग मानू नको. सगळं ठीक आहे.

रंभी म्हणते, माय, तू काळजी करू नको. मी आता बरी आहे. मंगरूले सांभाळजो. आजीची सेवा करजो. इथचं जेवण चांगलं आहे. डाक्टर चांगले आहेत. सिस्टरबाई माया करते. ती आता थोडी थोडी चालाले बी लागली. रोज तुमची सगळ्यायची आठवण काढते अन् म्हणते, देवाची कृपा आहे.

डाक्टर अजून काई दिवस ठेवणार आहेत. विजेच्या यंत्राखाली झोपवून डोक्याले शेक देतात. दुखत नाई.

उमाजी


मोहटोला
३ मार्च

रंभीच्या बाबाले पाया पडणे.

देव पावला! पत्र वाचलं अन् खालीच बसली. चालते! बोलते! जे मागितलं तेच शब्द, बोलत-चालत. आजी म्हणे, कुंते, देवीनं तिचं देलं, आता आपलं देणं अंगावर ठेवू नको. देवीचं राह्यलेलं घरात शिरते. मी म्हटलं पोरगी घरी आल्यावर तिच्या हातानं देऊ. आजी म्हणे, तू घरी येऊ दे म्हटलं होतं का बोलू-चालू दे? ते खरंच होतं.

परवा पाळीवर काळा बोकड देला. झिंगूभाऊनं सगळं केलं. अख्खा टोला जेवला. सगळे म्हणत होते, रंभीचा नवस फिटला. मी बोडीमायच्या दगडाले गालच लावला हो. असं वाटलं, पोरीचाच गाल आहे.

तुमची पोट्टी लय शहाणी होऊन गेली म्हणते आजी. मद्रासचं पाणी लागलं म्हणते.

कुंता


मद्रास
११ मार्च

रंभीच्या मायले रामराम.

बोकड काऊन देला? इतकी घाई काऊन केली? मले विचाराचं तरी.

तसं काई नाई. सगळं ठीक आहे. देलं ते बरंच केलं. रंभी म्हणते, माय, मी बरी आहे, तू आनंदात राहजो.

उमाजी


मोहटोला
१८ मार्च

रंभीच्या बाबाले.

हे पत्र मी कोणाले वाचून दाखवलं नाई, अन् तुमचं मागचं बी नाई.

आता माहं ऐका. तुमच्या पत्रात जी पोरगी बोलते ते माही नाई. माही रंभी मले जन्मात कधी माय म्हणली नाई. आजीचं ऐकून ऐकून कुंतेच म्हणते, यासाठी तुमीच तिले दोनदा मारलं आहे. डोकं उघडलं त्याच्या पत्रात तुमीच लिहिलं, नावानं हाक मारली. मग त्याच्यानंतर काऊन माय माय? मले कळते काऊन. बायकोचं नाव नवऱ्याच्या हातानं कागदावर उतरत नाई. तिनं खरंच हाक मारली असती तर तुमी तिचं म्हणून सांगून देलं असतं. पण तिनं मारलीच नाई, अन् तुमाले आपल्या मनानं लिहाले लाज वाटली.

अन् आजीची सेवा कर म्हणते! देवाची कृपा म्हणते! माही पोरगी म्हणली असती, इथच्या भातात खडे आहेत, डाक्टरच्या नाकात केस आहेत. म्हणली असती, मंगऱ्याले माह्या गोधडीवर मुतू देऊ नको. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, ते माही रंभी. तुमच्या पत्रातली पोरगी पुस्तकातली आहे.

पोरगी मेली काय?

मेली असेल तर सांगून द्या. कुठी पुरली, कोणी माती देली, अंगावर काय होतं, ते सांगा. तिथी जाळतात का पुरतात? मी रडली बी नाई अजून. बोकड खाऊ घातला मी लोकायले, अन् पोरगी मेली असेल तर ते काय होतं हो? तेरवीचं जेवण होतं काय?

खरं लिहा. खोटं लिहिलं तर मंगरूले घेऊन बोडीत जाईन, हे लिहून ठेवा.

कुंता


मद्रास
२५ मार्च

कुंता,

जित्ती आहे. जित्ती आहे. जित्ती आहे.

सोबत कागद पाठवला त्याच्यावर तिचा हात आहे. सिस्टरबाईची शाई लावून उमटवला. हात थरथर कापते म्हणून बोटं फिसकटली. पण तू ओळखशील.

आता सगळं लिहितो. दोष देजो, पण पुरं वाचजो.

ते बोलत नाई. ज्या दिवशी तुले हाक मारली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक शब्द नाई. जागी असते. डोळे उघडे असतात. बोलावलं तर कधी पाहते, कधी पाहत नाई. घास गिळत नाई, नळीनं दूध देतात. मान धरत नाई, लहान होती तशी. कधी बारीक आवाजात कण्हत राहते अन् कशानं थांबत नाई. चालाचं तर सोडूनच दे.

ऑपरेशनच्या सकाळी ते लय भेली होती. भेली का किती बोलते तुले ठाऊक आहे. यायच्या बोलीत चाकूले काय म्हणतात, रक्त किती निघते, मी मेली तर मंगऱ्याले माहं बकरीचं पिलू देशीन काय. मले सहन झालं नाई. मी म्हटलं, हे पाय रंभे, डाक्टर आज तुह्या डोक्यात महाजाळ सोडून राह्यला. मासळी धरून काढते. जाळं पाण्यात आहे तोवर पाळीवर काय कराचं? तिनं ओठ दाबून धरले. आपल्या जाळ्याच्या वेळी तेवढंच एक गप राहणं तिले जमे. जाळ्याच्या धन्यानं पहिली मासळी परत सोडून 'आली गा' म्हटल्याबिगर तिनं कधी तोंड उघडलं नाई. तशीच ओठ दाबून गेली आतमधी.

उठल्यावर बोलली, तवा मी खुशीत 'आली गा' म्हणाचं विसरलो. दुसऱ्या दिवशी गप झाली तर मले वाटलं, तिले आठवलं असेल. पोरगी शब्दाची पक्की आहे, माहंच ऐकून राह्यली. मी सिस्टरबाईले तसं सांगितलं, तिनं डाक्टरले सांगितलं. डाक्टर म्हणे, मग तुमीच बोलवा तिले. मी वार्डात उभा राहून मोठ्यानं म्हटलं, आली गा! लोकं पाहाले लागले. रंभी छताकडे पाहत होती. किती वेळा म्हटलं असेल, गळा बसला माहा. मग समजलं का हे माहं ऐकणं नाई.

तरी बी मनातून जात नाई. माह्याच शब्दानं पोरगी बांधली गेली, असंच वाटते.

डाक्टर म्हणते, बोलाची जागा वेगळी आहे, आमी तिच्याजवळ गेलोच नाई. मग काऊन असं झालं विचारलं तर म्हणते, ठाऊक नाई. एक पोट्टा असाच गप झाला होता, त्याचा आवाज आला. हिचा येईल का? ठाऊक नाई. इतका मोठा डाक्टर, परदेशात शिकून आला, अन् ठाऊक नाई म्हणते. रागावू तरी कोणावर?

तू विचारे, रंभी काय म्हणते. मी तिच्या खाटेजवळ बसून कागद घ्यावो. काय म्हणते, काय म्हणते. मग काईतरी लिहून टाको. लिहिताना वाटे, खरंच बोलून राह्यली.

उमाजी


मोहटोला
२ एप्रिल

रंभीच्या बाबाले पाया पडणे.

हात तिचाच आहे. करंगळी वाकडी, पाटा पडला होता तशी. मी त्याच्यावर आपला हात ठेवला. आजीनं चाचपून पाहिला, काई लागलं नाई म्हणून मग कागदच गालाले लावून बसली.

तुमच्यावर इतका राग आला का समोर असते तर काय केलं असतं ठाऊक नाई. पोरगी मेली म्हणून मी दिवसच्या दिवस काढले. मंगरूले पाजताना त्याच्या तोंडावर रडत होती. आता जित्ती आहे म्हणून हसू का बोलत नाई म्हणून रडू, तेबी समजत नाई. आगीतून निघाली अन् फुफाट्यात पडली.

अन् बोकड? नवस फिटला हो. फिटला! बोलत-चालत म्हणून देला, अन् पोरगी बोलत नाई का चालत नाई. एका मागण्याले दोनदा नवस कराची आपल्यात रीत नाई. मी पाळीवर गेली होती. दगडासमोर बसली. काय म्हणू? माहा नवरा खोटं बोलला, ते धरू नको म्हणू? झिंगूभाऊची बायको म्हणे, खोट्यावर बोकड देला म्हणून देवीनं पोरीची वाचा ठेवून घेतली. मी म्हटलं, देवीले पोरीची वाचा कायले पाहिजे वं, तुह्याजवळची घेतली असती तर टोल्याले थोडी शांती तरी भेटली असती. बोलली मी, पण घरी आल्यावर तेच डोक्यात फिरते.

आजी म्हणते, नुसतं तोंडानं 'आली गा' म्हणून कसं चालेल? जाळं कुठी होतं तिथी? पोरगी काय येडी आहे का बिगर जाळ्याचं मानेल? म्हणून झिंगूभाऊनं महाजाळाचा एक तुकडा कापून देला. एरवी कोणी कापलं असतं तर दंड केला असता आपल्या लोकायनं, पण कोणी काई म्हणलं नाई. बोडीत बुडवून सावलीत वाळवला. वास आहे त्याले अजून. तिच्या हातात द्या, मग म्हणा.

अन् एक. आता बनवून एक शब्द लिहू नका. वाईट असेल तर वाईट लिहा. जसं असेल तसं लिहा. मी ऐकाले घट्ट आहे. मले खोट्याचीच भीती वाटते, खऱ्याची नाई.

कुंता


मद्रास
१३ एप्रिल

रंभीच्या मायले रामराम.

पुडकं भेटलं. जसं झालं तसं लिहितो.

जाळं तिच्या हातात देलं. तिनं मूठ वळली. नाकाले नेत होती, पण हात कापते म्हणून कानाले लागे, कपाळाले लागे. मी हात धरला नाई. सिस्टरबाई म्हणे धरू नका. शेवटी नाकाले लागलं. वास घेतला. डोळ्यातून पाणी वाहाले लागलं, अन् ओठ हलले. मी म्हटलं, आली गा! आली गा रंभे! बोल आता. सिस्टरबाईनं बी म्हटलं, आली गा. बाजूच्या खाटेवरची मद्रासी बाई, तिले काई समजत नाई, तेबी म्हणाले लागली. सगळे माहा शब्द म्हणून राह्यले होते, एक तिच्याशिवाय.

आवाज निघाला. मांजराच्या पिलावानी बारीक, लांब. शब्द नाई. मग थकली अन् डोळे मिटले. जाळं सोडत नाई. झोपेत बी मुठीतच आहे.

पाण्याचा रंग पाहून मी सांगतो, खाली रोहू आहे का शिंगी आहे. माह्या पोरीच्या डोळ्यात सगळं दिसते मले, अन् एक शब्द वर काढता येत नाई. मी काय कामाचा बाप आहे, तूच सांग. तिचा घाम पुसतो. कूस बदलवतो. माश्या मारतो. बस.

घास मात्र आता गिळाले लागली. मऊ भात, चमच्यानं. हे खरं आहे.

उमाजी


मद्रास
६ मे

रंभीच्या मायले रामराम.

हे पत्र लिहाले चार कागद फाडले.

रंभी बोलली.

तू मानणार नाई, मले ठाऊक आहे. मीच तसं करून ठेवलं. म्हणून काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. दुपारी सिस्टरबाई बाजूच्या बाईले पाणी देऊन राह्यली होती. रंभी म्हणे, "नीळ्ळु." तेलुगूत पाण्याले नीळ्ळु म्हणतात. इतके महिने तेच ऐकून राह्यली ना. नी, मग लय वेळानं ळ्ळु. दारू पिलेल्या माणसावानी जड. सिस्टरबाईच्या हातून पेला पडला. मी बाजूलेच बसलो होतो, अन् पोरीनं पाणी मागितलं ते दुसऱ्याच्या बोलीत, दुसऱ्याजवळ. खूश झालो अन् कुठीतरी दुखलं बी. तुह्याजवळ कबूल कराले काय जाते.

दोन दिवसानं मले बाबा म्हटलं. बा म्हणते, थांबते, दम घेते, मग दुसरा बा. आता सात-आठ शब्द येतात. सगळे असेच, एक एक पाय उचलून टाकल्यावानी. तुह्या नावाची हाक अजून मारली नाई. मारली असं लिहिलं असतं तर तुले बरं वाटलं असतं. पण नाई मारली.

मी डाक्टरले विचारलं, जाळ्यानं झालं काय? तो हसला नाई. म्हणे, याचं येणं बी आमाले ठाऊक नाई, जाणं बी नाई.

आता दुसरं. तू म्हटलं होतं वाईट असेल तर वाईट लिहा. मी सिस्टरबाईले दोनदा विचारून घेतलं का मले बरोबर समजलं का नाई. गाठ सगळी निघाली नाई. तिची मुळं अशा जागी आहेत का तिथी हात घातला असता तर पोरगी टेबलावरच गेली असती. शेक देऊन दाबली आहे. ते पुन्हा वाढणार. कधी म्हटलं, तर डाक्टर म्हणे एखादा पावसाळा, कोणाकोणाले दोन. मग काय कराचं म्हटलं, तर म्हणे घरी घेऊन जा, माणसात राहू द्या.

वीस तारखेच्या गाडीनं निघतो. बल्लारशाले उतरू.

लिहिलं सगळं. तूच सांगितलं होतं म्हणून लिहिलं.

उमाजी


मोहटोला
१४ मे

रंभीच्या बाबाले कुंता पाया पडते.

पत्र आलं तवा अंगण भरलं होतं. तेंदूपत्त्याचे दिवस आहेत, लोकं पुडे बांधत आपल्याच अंगणात बसतात. डाकवाला दिसला तसे सगळे गोळा झाले. वाच कुंते, रंभी काय म्हणते? घरात नेऊन पहिले एकटीनं वाचाले पाहिजे होतं, पण आजीनं पदरच धरून ठेवला.

मी वाचलं. पाणी मागितलं ते वाचलं. तेलुगूत मागितलं म्हणून लोकं हसले, झिंगूभाऊ म्हणे आता आपल्याले सिरोंच्याहून माणूस आणा लागते. बाबा म्हटलं ते वाचलं. आजी रडाले लागली. मग खालची ओळ समोर आली. मी डोळ्यानं एक वाचली अन् तोंडानं दुसरी. मी वाचलं, "डाक्टर म्हणते, गाठ मुळासकट निघाली. पोरगी आता म्हातारी होऊनच मरेल." कुठून आलं तोंडात, मले ठाऊक नाई. आवाज बी अडला नाई. आजी म्हणे, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं, तेच, तसंच. आजीनं जमिनीले डोकं टेकलं.

मी तुमाले घट्ट आहे म्हणून लिहिलं होतं. नाई हो मी घट्ट. घरात येऊन दार लावलं अन् तोंडात पदर कोंबला. इतक्या दिवसाची वाट पाहून पोरीचा आवाज आला, अन् तो किती दिवसाचा ते बी लगेच सांगून टाकलं. एक दिवस तरी मधात ठेवाचा होता. हे डाक्टरले म्हणून राह्यली, तुमाले नाई.

मार्चमधी मी तुमाले जे बोलली ते पत्र जवळ असेल तर फाडून टाका. मले वाटे, माणसाच्या हातून असं खोटं लिहिलंच कसं जाते. आता समजलं. ते करावं लागत नाई, होऊन जाते.

तिले गाडीत खिडकीजवळ बसवजा. मी भात मऊ करून ठेवते. बैलगाडी घेऊन झिंगूभाऊ बल्लारशाले येईल, अन् वाटेत तुमाले विचारल्याबिगर राहणार नाई. मी काय वाचलं ते वर लिहिलं आहे. दोन-चारदा वाचून ध्यानात ठेवा अन् त्याले तेच शब्द सांगा. आजीले बी तेच. आपल्या दोघायचं एक असलं पाहिजे. अन् पोरीच्या समोर दुसरं काई बोलू नका, तिले सगळं ऐकू येते.

कुंता